तिथीची पाऊणपट

त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला पंधरा धरून सव्वाअकरा. अमावस्येलाही तेच. शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच. दुसरी भरती त्यानंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी, आणि दोन भरत्यांच्या बरोबर मध्ये ओहोटी. भरती रोज सरासरी पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊणपटीत पंचेचाळीसच धरली जातात, त्यामुळे अर्धा-पाऊण तास, क्वचित थोडा जास्तच, इकडेतिकडे होतो. होऊ द्यावा. होडी हाकणाऱ्याला कोष्टक लागतं. मे महिन्यातल्या कोकणाचा बेत आखणाऱ्याला भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

हे सगळ्यात आधी सांगायचं कारण असं, की कोकणचे बेत बहुधा ठिकाणांच्या यादीवरून आखले जातात. हर्णे, गुहागर, गणपतीपुळे, विजयदुर्ग, मालवण. पाच दिवसांत पाच. नकाशावर ही गावं एकाखाली एक, बोटभर अंतरावर. पण मुंबई-गोवा महामार्ग, जुना १७ आणि आताचा ६६ क्रमांकाचा, आत वलाटीतून, म्हणजे डोंगराकडच्या चढाच्या पट्ट्यातून जातो. समुद्र खाली खलाटीत, किनाऱ्याच्या सखल पट्ट्यात. आणि किनारा धरून जावं तर आडव्या येतात त्या खाड्या: सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, पुढे वाघोटन, गड, कर्ली, अगदी टोकाला तेरेखोल. काहींवर पूल झाले आहेत, काहींवर फेरीबोट आहे, आणि जिथे दोन्ही सोयीचं नाही तिथे गाडी पुन्हा महामार्गापर्यंत वर चढवून पलीकडे उतरवावी लागते. वळणं, चढउतार आणि वाटेतली वाडी-वस्ती धरता किनाऱ्याच्या रस्त्यावर तासाला पंचवीस-तीस किलोमीटर हा प्रामाणिक वेग. त्यापेक्षा जास्त धरणाऱ्याची दुपार घाटात जाते.

म्हणून चार-पाच दिवसांच्या सहलीला दोन मोठ्या खाड्यांमधला एकच पट्टा निवडावा. सावित्री ते वाशिष्ठी घेतला तर वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णे, मुरुड, कर्दे, लाडघर आणि दाभोळ एवढं त्यात येतं. हर्णे बंदरावर मासळीचा लिलावही बघायला मिळतो. वाशिष्ठी ते शास्त्री हा पट्टा त्यामानाने निवांत: गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ. शास्त्रीच्या पलीकडे जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेचा रस्ता आणि रत्नागिरी. मेमध्ये सर्वांत जास्त गर्दी इथेच. दक्षिणेला आचऱ्यापासून कर्लीच्या मुखापर्यंत तोंडवळी, मालवण, तारकर्ली, देवबाग. एक पट्टा, एक मुक्काम, फार तर दोन. रोज सामान बांधणाऱ्याला समुद्र गाडीच्या काचेतूनच दिसतो.

खाडी ओलांडायचीच असेल तर फेरीबोटीसारखं दुसरं सुख नाही. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या तीन फेऱ्यांनी बराच वळसा वाचतो. दाभोळहून गुहागरला रस्त्याने जायचं तर चिपळूण गाठावं लागतं. बोट तेच काम काही मिनिटांत करते. मात्र मेमधल्या शनिवार-रविवारी धक्क्यावर गाड्यांची रांग लागते आणि दोन-तीन फेऱ्या हुकू शकतात. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारावी. ओहोटीला धक्क्याचा उतार बराच उघडा पडतो, खालचा भाग ओला आणि शेवाळलेला असतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, न थांबवता चढवावी, आणि बसलेल्या माणसांना आधी उतरवावं. भरलेल्या गाडीचं पोट फळीला घासतं ते याच वेळी.

रेल्वेचं थोडक्यात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं, म्हणजे १५ मेची गाडी १६ मार्चला सकाळी आठला. परतीचं तिकीट त्या-त्या दिवशी वेगळं काढायचं, आणि दक्षिणेकडून येणाऱ्या गाडीचे साठ दिवस ती जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजले जातात हे विसरायचं नाही. चाकरमानी जाताना एकेक करून जातात, परतताना मात्र मेच्या अखेरीस सगळे एकदम. म्हणून परतीची जागा आधी मिळवून मग जाण्याची शोधणं शहाणपणाचं. स्टेशनं किनाऱ्यावर नाहीत. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, आणि राजापूर रोड स्टेशनावर उतरणाऱ्याला राजापूर चांगलंच लांब पडतं. रिक्षा सांगून ठेवलेली असावी. एसटीवर भिस्त असेल तर एक गोष्ट नीट विचारावी: गावात ‘वस्तीची गाडी’ आहे का? ती संध्याकाळी येते, रात्री गावातच राहते आणि पहाटे परत निघते. तिच्या दोन वेळा माहीत असल्या की बाकी दिवस चालतच काढता येतो. शाळांच्या वेळेला जोडलेल्या फेऱ्या सुटीत बऱ्याचदा बंद असतात, तेव्हा जानेवारीत पाहिलेलं वेळापत्रक मेमध्ये धरून चालू नये.

आता तारीख. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या मध्यापर्यंत हापूस भरात असतो, रायवळही गळायला लागतो. रातांबे पिकतात, करवंदं काळी होतात, फणसाचा वास घरात शिरतो. ओले काजूगर मात्र मेपर्यंत जवळजवळ संपलेले असतात. काजूगरांची उसळ हवी असेल तर फेब्रुवारी-मार्चच गाठायला हवा. वेळासच्या कासवांचंही तसंच. पिल्लं समुद्रात सोडण्याचे दिवस फेब्रुवारी ते एप्रिल, मेमध्ये ती दिसतील असं धरू नये. मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्र उलटायला लागतो, लाट जड होते, पाणी गढूळ. सिंधुदुर्गातली प्रवासी होडी वाहतूक आणि पाण्यातले खेळ साधारण २५-२६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात. शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधलेला सिंधुदुर्ग त्यानंतर मालवणच्या किनाऱ्यावरूनच बघायचा. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारीही दोन महिने थांबते.

मोसमी पाऊस एरवी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पोचतो, पण २०२५ साली तो २५ मेलाच देवगडपर्यंत आला आणि २६ला मुंबईत. त्या आठवड्याची सगळी आरक्षणं वाहून गेली. त्याआधी २०२१ मध्ये मेच्या मध्यावरच तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं होतं. तेव्हा ५ ते १८ मे हा सरासरीने भरवशाचा पंधरवडा, आणि वीस तारखेनंतरची खोली घेताना पैसे परत मिळण्याची अट आधी बोलून घ्यावी.

या पंधरवड्यात नेमके दिवस कोणते, ते तिथी ठरवते.

दशमीला पाऊणपट साडेसात. म्हणजे पहाटेपासून सकाळी साडेसातपर्यंत पाणी चढतं आहे, आणि संध्याकाळी पाचनंतर पुन्हा चढतं आहे. ऊन नसलेल्या दोन्ही वेळा चढत्या पाण्याच्या. डुंबायला हेच दिवस, दशमी-एकादशी. पौर्णिमा-अमावस्येला उधाण: भरती ऐन दुपारी, ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला. पाणी दूरवर गेलेलं, पुळण ओली, घट्ट आणि रुंद; मैलभर चालावं, शंख-शिंपले वेचावेत, कुर्ल्यांची नक्षी बघावी. चालायला हे उत्तम, पोहायला वाईट, कारण संध्याकाळचं ते पाणी ओढून नेणारं असतं आणि खाडीच्या तोंडाशी तर फारच. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढतही नाही आणि उतरतही नाही. पण त्याची भरती नेमकी सकाळी आणि संध्याकाळी सहाला येते. अरुंद किनाऱ्याच्या गावी त्या संध्याकाळी चालायला वाळूच उरत नाही, आणि लोक म्हणतात किनारा छोटा आहे.

यातून बेत आपोआप उभा राहतो: एकादशीला पोचावं आणि पौर्णिमेला किंवा अमावस्येला निघावं. पहिले दोन दिवस पाण्याचे, शेवटचे दोन चालण्याचे. अमावस्या प्रवासाला नको म्हणणारी माणसं घरात असतील तर शुद्ध पक्ष निवडावा. वाद मिटतो आणि माडांवरचं चांदणं पदरात पडतं.

उधाणाच्या ओहोटीला खडपं उघडी पडतात, तेव्हाच बाया कालवं काढायला आणि तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला निघतात. म्हणजे तिसऱ्यांचं सुकं कुठल्या दिवशी ताटात येईल तेही तिथीवरच. देवबागच्या संगमावरचं वाळूचं बेट ओहोटीलाच डोकं वर काढतं. उलट हेदवीच्या बामणघळीत, खडकातल्या त्या चिंचोळ्या भेगेत, पाणी उसळतं ते भरतीला. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते. उधाणाची भरती भर दुपारची, कातळ तापलेला. त्यापेक्षा चतुर्थी-पंचमीला तीन-पावणेचारची भरती बरी, उसळी थोडी कमी असली तरी. कडेच्या ओल्या खडकावर उभं राहू नये. तिथे पाय घसरतो तो शेवाळावरून, लाट फक्त पुढचं काम करते.

पाण्याबद्दल आणखी एक, कारण दर मेमध्ये माणसं बुडतात. फुटलेल्या लाटांचं पाणी परत फिरताना वाळूच्या बांधातली फट शोधतं आणि तिथून जोरात आत जातं. वरून पाहिलं तर नेमक्या त्याच पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी शांत आणि जरा गढूळ दिसतं, आणि पोहायला नवखा माणूस तीच जागा निवडतो. ओढ लागली तर किनाऱ्याकडे झगडू नये. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत त्या पट्ट्याबाहेर पडावं आणि मग लाटेबरोबर यावं. पोहता येत नसेल तर कमरेच्या वर पाणी नाही, तिथी कोणतीही असो. गणपतीपुळ्याला तर धोक्याच्या पाट्याच आहेत. गावातला माणूस ‘इथे उतरू नका’ म्हणाला तर कारण विचारत बसू नये.

उन्हाचा आकडा फसवा असतो. रत्नागिरीचं मेमधलं कमाल तापमान ३३-३४ अंश, विदर्भातल्या माणसाला हसू येईल असं. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. सकाळी अकरा ते चार पडवीत. त्या वेळात ‘एवढं एक देऊळ करून टाकू’ म्हणणाऱ्याला विरोध करावा. दुपारचं पाणी पिताना मीठ-साखर किंवा कोकम सरबत. नुसतं पाणी ढोसून डोकं दुखायचं थांबत नाही.

कातळशिल्पांना तर हा नियम दुप्पट लागू. कशेळी, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळपठारांवरची ही खोदचित्रं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहेत. खोदाई उथळ आहे. सूर्य माथ्यावर असला की रेषेत सावली पडत नाही आणि समोर नुसता काळा जांभा दिसतो. शिवाय सड्यावर झाडाची सावली नाही आणि दगड चपलेतून भाजतो. सकाळी साडेसहा-सातला किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर, तिरप्या उन्हात, तोच कशेळीचा हत्ती डोळ्यांपुढे उभा राहतो. पावसाळ्यात गवत आणि पाणी रेषा झाकतात, तेव्हा या एका बाबतीत उन्हाळाच बरा. रेषांवर पाय नको, खडूने त्या गिरवणं तर नकोच.

मुक्कामाचं घर निवडताना समुद्र किती पावलांवर आहे एवढंच विचारलं जातं. त्याहून महत्त्वाचे प्रश्न तीन. विहिरीला मेमध्ये पाणी असतं का? जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे टँकर येतो याचं नवल वाटतं, पण जांभ्यातून पाणी मुरतं तसं झरून खाडीलाही लागतं. बादलीने आंघोळ करायची तयारी ठेवावी. दुसरा प्रश्न विजेचा. वळवाच्या एका गडगडाटात तारा पडतात; इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी नाही. छप्पर कौलारू आहे की स्लॅबचं हा त्यातलाच भाग. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडतो, पंखा तीच गरम हवा फिरवतो. तिसरा प्रश्न मोबाइलच्या रेंजचा: ती नसेल तर स्कॅन करून पैसे देता येत नाहीत, आणि एटीएम तालुक्याला. पाच दिवसांची रोकड जवळ असावी.

आणि एक, जे जाहिरातीत नसतं. यजमानाच्या घरचा हा सुटीचा महिना नव्हे. आंबा उतरवणं, पेट्या भरणं, काजू वाळवणं, पावसाआधी कौलं चाळणं, लाकूडफाटा आत घेणं, वर्षाची आमसुलं, फणसपोळी, सांडगे, सगळं याच चार आठवड्यांत. अंगणातल्या तट्ट्यांवर आंब्याची पोळी वाळत असते, तिच्यावरून चेंडू जाऊ नये. जेवण आदल्या रात्री सांगावं. मासळी सकाळी बंदरावर काय आलं त्यावर ठरते. सुरमईच पाहिजे असा हट्ट धरला की बर्फातली मिळते. बांगडा ताजा असेल तर बांगडा. रात्री परसात जाताना विजेरी आणि पायात चप्पल, कारण जांभ्याच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, फुरसं हा विषारी साप असतो आणि तो मातीच्याच रंगाचा. चावलाच तर बांधणं, कापणं, चोखणं काही न करता, पाय न हलवता, १०८ला फोन आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय.

राहिला आंबा, म्हणजे परतीचं सामान. बागेत जाऊन घ्यायचा तर ‘आज खायला’ आणि ‘न्यायला’ असे दोन हिशेब सांगावेत. न्यायचा आंबा सोळापैकी चौदा आणे तयार, कडक, हिरवा. झाडावर पूर्ण पिकवलेला गोड असेल असं वाटतं, पण हापूसचं उलट आहे: फार दिवस झाडावर राहिला की तळपत्या उन्हाने आत साका धरतो, पांढरा, बुचासारखा, बेचव. वरून काही कळत नाही. म्हणून जाणता बागायतदार चौदा आण्यांवर उतरवतो, तोही झेल्याने, म्हणजे काठीच्या टोकाला लावलेल्या जाळीने, दोन-तीन सेंटिमीटर देठ ठेवून. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘नूतन’ झेला याच कामासाठी. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे डाग पडतो आणि पुढे तिथूनच सडतो. पेटी उघडून वरचा थर नव्हे, खालचा बघावा. सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक, दाबले तर कडक आणि वास नाही, असं असेल तर पेटी तिथेच ठेवावी. कार्बाइडने पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण म्हणून ते थांबलं आहे असं नव्हे.

बंद डिकीत दुपारच्या उन्हात पेटी उकडते. ती आत, पायाशी, सावलीत. गाडी उभी असेल तेव्हा काच किंचित खाली. रेल्वेत आडवी टाकू नये, पेटीवर पेटी ठेवताना भोकं मोकळी राहतील असं बघावं. घरी पोचलं की त्याच रात्री उघडायची. हवेशीर खोलीच्या कोपऱ्यात फरशीवर भाताचा पेंढा, त्यावर एकमेकांना न टेकणारे आंबे, पुन्हा पेंढा. फार तर तीन थर. फ्रिज पिकेपर्यंत नको, थंडीत पिकणं अडतं आणि साल काळवंडते. चौथ्या दिवसापासून आढी रोज हाताने चाळायची. देठाशी काळा पडायला लागलेला आंबा लगेच बाहेर, नाहीतर शेजारचे दोन घेऊन जातो. दहा-बारा दिवसांत सगळी आढी उतरते. अगदी शेवटी तळाशी दोन-चार राहतात, सालीला सुरकुत्या पडलेले, दिसायला नको वाटणारे. मुलं ते बाजूला सारतात आणि घरातलं म्हातारं माणूस काही न बोलता आपल्याकडे ओढून घेतं.